आशाताई, तुमच्या त्या दोऱ्यासाठी

आशाताई, नमस्कार.

हे तुम्हाला घरी येऊनही सांगता आलं असतं. पण आणखी कुणाचा टोंगळा (गुडघा) वाचला तर वाचला, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

२०२३ च्या दिवाळीत, ऐन वेचणीत बाबांचा उजवा टोंगळा सुजला. बंडीवरून उतरताना मुरगळला असेल, असं आम्ही धरून चाललो. मालिश झालं. तालुक्याच्या एका दवाखान्यात ‘संधिवात’ म्हणून सांध्यातच दोन इंजेक्शनं झाली. (पैसे किती गेले ते सोडा.) आठ दिवस बरं वाटायचं, मग सूज आणखी.

तुम्ही आला होतात पोरीच्या डोसासाठी. खाटेवरच्या बाबांच्या टोंगळ्याला हात लावून म्हणालात, “एवढा सुजला, पण गरम कसा नाही?” मग मायच्या डब्यातला दोरा घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन बोटं बारीक. संध्याकाळी अंग तापतं का? रात्री झोपेत कण्हतात का? दोन्हीला हो. तुम्ही टीबीचं नाव काढलं आणि मी चिडलोच. खोकला नाही, छातीचा फोटो साफ. टोंगळ्याला कुठला टीबी? तुम्ही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बाबांशेजारी बसलात.

जिल्ह्याला सांध्यातलं पाणी काढलं. सीबीनॅटमध्ये, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीत, काही निघालं नाही. मी पिशवी उचलली, तर तुम्ही डॉक्टरांना विचारलं, “मग तुकडा घ्यायचा ना?” पाण्यात जंतू फार कमी असतात, म्हणून सांध्याच्या अस्तराचा तुकडा तपासतात, हे मला तेव्हा कळलं. तुकड्यात टीबी निघाला, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालतं हेही कळलं.

वजन ४६ किलो, म्हणून रोज ३ गोळ्या. लघवी लाल होईल हे तुम्ही आधीच सांगितलं नसतं, तर बाबांनी पहिल्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या असत्या. गोळीतल्या एका औषधानं डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दर खेपेला तुम्ही सुपातली मिरची उचलून विचारायचात, “बाबाजी, लाल का हिरवी?” बाबा मुद्दाम “निळी” म्हणायचे.

पूर्ण १२ महिने औषध झालं. सरकारकडून महिन्याला मिळणारे पोषणाचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले; त्यात अंडी आली, थोडा बाबांचा तंबाखूचा खर्राही, हे तुम्हाला माहीत नव्हतं.

टोंगळा पूर्ण वाकत नाही. पंगतीत बाबा खुर्चीवर बसतात. पण वावरात स्वतःच्या पायानं जातात. तुरीला शेंगा धरल्या आहेत. उकडल्या की निरोप देतो, या.