समुद्राचे मिलिमीटर आणि किनाऱ्याचं गोडं पाणी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. “भरतीला समुद्र रोजच हात-दोन हात चढतो, मग वर्षाला तीन-चार मिलिमीटरचं एवढं काय?” हा तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आज मुख्यतः त्यावरच लिहिते.

आधी आकडा. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९७१ पर्यंत वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ झाला. मला धास्ती वाटते ती या वेगाची.

पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकते आहे, तिच्यातली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्र पोटात घेतो. आणि पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्याचा १०० मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला, तर त्याची उंची जवळजवळ ३ सेंटिमीटर वाढते. १९७१ पासूनची साधारण निम्मी वाढ या फुगण्याचीच आहे. उरलेली मुख्यतः जमिनीवरचा बर्फ वितळून आलेली. तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी फारशी हलत नाही, कारण आपल्या वजनाइतकं पाणी त्याने आधीच बाजूला सारलेलं असतं. ग्रीनलंडचा बर्फ मात्र जमिनीवर आहे, तो सगळा वितळला तर समुद्र ७ मीटरहून अधिक चढेल. त्याला शतकानुशतकं लागतील, पण सुरुवात झालेली आहे.

आता भरती. किनाऱ्यावरचे बांध, रस्ते, गटारांची तोंडं हे सगळं जुन्या उधाणाच्या हिशोबाने बांधलेलं असतं. समुद्राची मूळ पातळीच वर सरकली की पूर्वी फक्त वादळात आत येणारं पाणी साध्या उधाणालाही येऊ लागतं. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली, तर गटारातल्या पाण्याला बाहेर पडायला उतारच उरत नाही. ते उलटं फिरून वस्तीत शिरतं. पूर्वी शंभर वर्षांत एकदा गाठली जाणारी पातळी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून अधिक भरतीमापन केंद्रांवर दरवर्षी गाठली जाईल, असा आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, २०२१ चा अंदाज आहे.

पण बाबा, खरा घात जमिनीखाली होतो, आणि तो दिसत नाही. किनाऱ्यालगत गोडं भूजल खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५, गोड्याची १. यावरून ढोबळ नियम निघतो: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल, तर समुद्रपातळीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. हाच हिशोब उलटाही चालतो. समुद्र १० सेंटिमीटर चढला आणि सखल जमिनीमुळे भूजलाला त्याच्याबरोबर वर सरकता आलं नाही, तर खालून ४ मीटर गोडं पाणी जातं. उपशाने पातळी १० सेंटिमीटर कायमची उतरली तरी तेच होतं. जोराचा पंप लावला की नेमकं त्याच्याखाली खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. म्हणून किनाऱ्याजवळ एका खोल बोअरवर मोठा पंप लावणं सगळ्यांत वाईट. उथळ विहिरी, लांब-लांब, थोडा थोडा उपसा, हे बरं.

पाणी बिघडायला फार मीठही लागत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटर गोड्या पाण्यात त्याचे दोन लिटर मिसळले, तरी क्षार लिटरला जवळजवळ ७०० मिलिग्रॅमने वाढतात आणि पाणी मचूळ लागतं. मग पंप बंद केला तरी खारं पाणी लगेच खाली बसत नाही. मुरणाऱ्या पावसाने ते हळूहळू मागे रेटलं जातं, त्याला वर्षं लागतात. त्यामुळे चव बदलण्याची वाट पाहू नये. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज जास्त सहज वाहते; ही विद्युतवाहकता मोजणारं छोटं यंत्र मिळतं. त्याने पावसाळ्याआधी, पाणी सर्वांत कमी असताना, विहिरीच्या वरच्या थराचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं मोजावं. तळाचा आकडा वर्षागणिक चढत असेल, तर खारं पाणी पोचलं आहे असं धरून उपसा तेव्हाच कमी करावा.

आईने समुद्र अडवायला किनाऱ्यावर बांधतात त्या भिंतीबद्दल विचारलं होतं. दगडी भिंत तिच्यामागची जमीन वाचवते, पण उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. पुळण खचते, पाया उघडा पडतो, आणि जिथे भिंत संपते तिथे शेजारच्याची जमीन पूर्वीपेक्षा वेगाने खचते. शिवाय खाऱ्या पाण्याला ती अडवत नाही, ते जमिनीखालून येतच राहतं. खारफुटी मुळांशी गाळ धरून स्वतः उंच होते, म्हणून मला ती भिंतीपेक्षा जवळची वाटते. पण समुद्र वर्षाला ६-७ मिलिमीटरहून जास्त वेगाने चढू लागला, तर तिलाही तो वेग गाठणं कठीण. तेव्हा तिला जमिनीकडे सरकायला मागे मोकळी जागा लागते. तिथे भिंत किंवा रस्ता असेल, तर ती जागच्या जागी बुडते.

प्रवाळांचं थोडक्यात सांगते. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एका अंशाने वर गेलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. दोन महिने राहिलं तर बरेच मरतात. अशा प्रवाळांच्या रांगा लाटांचा जोर किनाऱ्याआधीच मोडतात, म्हणजे त्या गेल्या की पुन्हा भार किनाऱ्यावरच.

विहिरींच्या मोजमापाबद्दल काही अडलं तर कळवा, पुढच्या पत्रात तक्ता करून पाठवते. आईला सा. नमस्कार.

तुमची,
धाकटी