अर्ज भाषेमुळे नव्हे, उताऱ्यामुळे परत येतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीत कम्युनिटी फाउंडेशनच्या अनुदानावरचा लेख वाचला. विषय घेतलात, याबद्दल आभार. सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीवर, सगळेच लिहितात, इथला पैसा इथल्याच वस्त्यांत लावणाऱ्या फाउंडेशनांकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण लेखातला सल्ला वाचून राग आला. प्रस्ताव सफाईदार इंग्रजीत लिहा, मनाला भिडणारी एक गोष्ट घाला, फोटो चांगले लावा! लहान संस्था यावर विश्वास ठेवतात, कुणाकडून तरी पैसे देऊन प्रस्ताव लिहून घेतात आणि अर्ज परत आला की आपले इंग्रजी कमी पडले असे समजतात. प्रत्यक्षात तो प्रस्ताव कुणी उघडलेलाही नसतो. त्याआधी कागद तपासले जातात आणि अर्ज तिथेच अडतो.

अडतो तो बहुधा धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर, म्हणजे शेड्यूल वनवर; संस्थेच्या विश्वस्तांची अधिकृत नोंद त्यात असते. फाउंडेशन तीन याद्या शेजारी ठेवते: उताऱ्यावरचे विश्वस्त, बँकेत सही करणारे आणि अर्जासोबतच्या ठरावावर सह्या करणारे. उताऱ्यावर कधीच वारलेले अध्यक्ष अजून अध्यक्ष असतात, बँकेत त्यांच्या जागी दुसरेच नाव असते. मग करारावर सही करण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर फाउंडेशनला स्वतःच्या लेखापरीक्षकाला द्यावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. उशीर झाला की त्या बदलाच्या अहवालाबरोबर, म्हणजे चेंज रिपोर्टबरोबर, विलंबमाफीचा अर्ज आलाच. आधीचा रिपोर्ट निकाली निघाल्याशिवाय पुढचा सहसा सरकत नाही, त्यामुळे दोन निवडणुकांचे रिपोर्ट राहिले की साखळीच अडकते.

चूक संस्थेची असेल तिथे तिने ती निस्तरावी. पण रिपोर्ट वेळेत दाखल केला, हेलपाटे घातले आणि तरीही तो वर्षानुवर्षे प्रलंबित आहे, अशा संस्थेला दारातूनच परत पाठवणे अन्यायाचे आहे. फाउंडेशनांनी प्रलंबित चेंज रिपोर्टचा क्रमांक, दाखल केल्याची पोच आणि सर्व हयात विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव एवढ्यावर अर्ज पुढे न्यावा. संस्थांनीही हे तिन्ही कागद कुणी विचारण्याची वाट न पाहता अर्जाला जोडावेत आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत खुलासा करावा. तपासणीत उघड झालेली विसंगती लपवाछपवी वाटते. तीच आधी सांगितली तर नुसता कार्यालयीन उशीर ठरते.

नावाचेही तेच. नोंदणी प्रमाणपत्रावर गावाचे नाव जोडलेले, पॅनवर ते गळलेले, बँकेत 'मंडळ'च्या जागी 'संस्था'. एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरची नोंदणी पॅनवर चालते, म्हणून आधी पॅन दुरुस्त करा, मग बाकीचे. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या आयकर नोंदण्यांची तारीख पाहा: जुन्या संस्थांना २०२१ मध्ये नव्याने मिळालेली पाच वर्षांची नोंदणी ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या सहा महिने आधी करायचा होता. सीएसआरचा पैसा फाउंडेशनमार्फत येणार असेल, तर सीएसआर-१ क्रमांकही, म्हणजे असा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेल्या नोंदणीचा क्रमांक, मागतात. कॉर्पस, म्हणजे कायम ठेवायचा मूळ निधी, मात्र मागू नका. एका न्यासाने दुसऱ्याला दिलेला कॉर्पस आयकरात देणाऱ्याचा धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही, आणि साधे अनुदानही २०२३ च्या वित्त कायद्यापासून ८५ टक्केच धरले जाते.

कार्यक्षेत्राचा तर लेखात उल्लेखच नाही, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तरी मोखाडा-जव्हारला काम करणाऱ्या संस्थांच्या घटनेत अजून 'जि. ठाणे' असते. खारघर, कामोठे, कळंबोलीला सगळे नवी मुंबई म्हणतात, पण ते रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत येते. फाउंडेशन 'ठाणे जिल्हा' म्हणत असेल तर ऐरोली, घणसोली, दिघा चालेल, खारघर नाही. पत्ता कुठला, यापेक्षा लाभार्थी कुठे राहतात ते महत्त्वाचे. म्हणून पूर्ण अर्जाआधी एक पानाचे पत्र पाठवावे: कुठल्या वस्तीत, कोणासाठी, किती जणांसाठी, किती रुपये, किती महिने. 'नाही' यायचे असेल तर ते लवकर येते, दोन महिने वाया जात नाहीत.

अंदाजपत्रक हे दुसरे दुखणे. कळव्यात ४० मुलांची अभ्यासिका दहा महिने चालवायची आहे असे धरा. दोन शिक्षिका, दरमहा ९,००० प्रमाणे १,८०,००० रुपये. पुस्तके-साहित्य मुलामागे १,२००, म्हणजे ४८,०००. बहुतेक संस्था इथेच थांबतात आणि २,२८,००० मागतात. खोलीचे भाडे ६०,०००, हिशेबनिसाचे वर्षाचे २४,००० आणि लेखापरीक्षणाचे १५,००० कुठून येणार? खरा आकडा ३,२७,००० आहे, मुलामागे ८,१७५. तो लिहायची भीती वाटते, कारण सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालतो असे कुणीतरी सांगितलेले असते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पासाठी लागणारी खोली आणि माणूस हा प्रकल्पाचाच खर्च. कमी आकडा दाखवला की डिसेंबरात भाडे थकते, मग साहित्याच्या पैशातून भाडे जाते आणि पैसा कशावर खर्च झाला ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रात ते बाहेर येते. दुसरा हप्ता थांबतो तो यामुळे. खर्चाचे शीर्ष बदलायचे असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी, नंतरचा खुलासा चालत नाही. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख देऊ नये. प्रमाणपत्रावर सीएचा यूडीआयएन, म्हणजे ते खरे आहे का हे पडताळण्याचा क्रमांक, हवाच.

परदेशी निधी असलेल्या फाउंडेशनकडे त्यातला वाटाही मागू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला, पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही.

आणखी एक, तुमच्याबद्दलच. त्याच लेखाखाली चौकटीत अर्जाची शेवटची तारीख छापली होती, ती येत्या परवाची! उताऱ्याची प्रमाणित प्रत मिळायलाच दोन-तीन आठवडे जातात. पुढच्या फेरीची तारीख महिनाभर आधी छापा, आणि सोबत कागदांची यादी मराठीत द्या.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे