फिस्टुला तयार व्हायला आठवडे लागतात. डाव्या हाताची शीर आधीच राखा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, राज्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतूनही डायलिसिस मिळते. यंत्रांची चर्चा त्यामुळे बरीच होते. ज्या रक्तवाहिनीतून रक्त यंत्रात न्यायचे, तिच्याबद्दल मात्र रुग्णाला कुणी वेळेत सांगत नाही. मग क्रिएटिनिन (किडनीने बाहेर न टाकलेला रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढून दम लागला की घाईने मानेच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालायचे आणि हाताच्या फिस्टुलाचा विचार त्यानंतर करायचा, ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत पडली आहे. रक्तवाहिनीची भिंत बदलायला आठवडे लागतात आणि तो वेळ पैसे टाकून कमी करता येत नाही. म्हणून हे पत्र.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळची अंगठ्याच्या बाजूची धमनी आणि शेजारची शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडणे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील ब्रेशिया, सिमिनो आणि शल्यविशारद अ‍ॅपेल यांनी 1966 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आजही सगळ्यात कमी जंतुसंसर्ग होणारा आणि सगळ्यात जास्त टिकणारा मार्ग हाच आहे.

मनगटाच्या या धमनीतून एरवी मिनिटाला जेमतेम 20 ते 30 मिली रक्त वाहते. जोड दिल्याबरोबर ते 200 ते 300 मिलीवर जाते, कारण पुढच्या बारीक केशवाहिन्यांचा अडथळा टळून रक्त थेट शिरेत शिरते. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाहत्या रक्ताची घासण कळते. घासण वाढली की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंतीतले स्नायू सैल पडतात आणि धमनी रुंदावते. हे काही सेकंदांत होते. खरा बदल पुढच्या आठवड्यांत घडतो: भिंतीतले जुने तंतू विरघळतात, नवे मोठ्या घेरावर विणले जातात आणि रुंदी कायमची होते. घासण पूर्वीइतकी होईपर्यंत हे चालते. घासण त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून प्रवाह आठपट झाला तरी व्यास फक्त दुप्पट झाला की हिशेब जुळतो.

शिरेवर दोन्ही भार एकदम येतात. तिला पाऱ्याच्या पाच-दहा मिलिमीटर दाबाची सवय. आता धमनीचे रक्त अंगावर येते. प्रवाहामुळे ती रुंदावते, दाबामुळे तिची भिंत जाड होते. दाब आणि त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो, जाडी वाढली की तो विभागला जातो. म्हणून स्नायूपेशी वाढतात आणि कोलॅजेन, म्हणजे भिंतीला बळकटी देणारे तंतू, साठते. पातळ शीर डायलिसिसची जाड सुई आठवड्यातून तीनदा झेलण्याइतकी दणकट होते, ती अशी.

या सगळ्यासाठी अस्तर शाबूत हवे. त्याच हातात चार दिवस सलाईनचे इंट्राकॅथ राहिले, शीर सुजली, आत गुठळी होऊन व्रण पडला, तर तो भाग रुंदावत नाही. प्रवाह तिथेच अडतो आणि पुढची शीर कोवळीच राहते. मधुमेहात धमनीच्या मधल्या थरात चुना साठून ती कडक होते. अशी धमनी फुगायला तयार नसते आणि मग जोड कोपराजवळ घ्यावा लागतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी हवीच: धमनी किमान 2 मिमी, आणि दंडाला पट्टा बांधल्यावर शीर 2 ते 2.5 मिमी.

तयार फिस्टुलाची ओळख सोपी आहे. सहा आठवड्यांनी शीर 6 मिमी रुंद, कातडीपासून 6 मिमीच्या आत, आणि प्रवाह मिनिटाला 600 मिली. यंत्राचा पंप 250 ते 300 मिली ओढतो. प्रवाह त्याच्या आसपासच असेल तर शीर सुईवर चिकटते किंवा शुद्ध झालेले रक्तच पुन्हा यंत्रात जाते. चार आठवड्यांच्या आत सुई टोचली तर पातळ भिंतीतून रक्त झिरपून हात काळानिळा होतो आणि कधी कधी फिस्टुलाच जातो. पहिल्या काही वेळा बारीक, 17 नंबरची सुई वापरावी. जखम भरल्यावर रबरी चेंडू दाबायचा व्यायाम करावा, त्याने प्रवाह वाढतो.

जोडालगतचे पहिले काही सेंटिमीटर सगळ्यात दगा देतात. तिथे शीर वळवून आणलेली असते, रक्त सरळ न वाहता भोवरे घेते, घासण कमी आणि उलटसुलट होते. अस्तराला हे मानवत नाही. आतून पेशी वाढून वाट अरुंद होते. बोटांना लागणारी मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर मंद झाली किंवा तिच्या जागी ठोके लागू लागले, तर त्याच दिवशी दाखवा. हात डोक्यावर उचलला की फुगलेली शीर बसली पाहिजे. ती ताठच राहिली तर वर कुठेतरी अडथळा आहे. वेळेत कळले तर फुगा घालून वाट रुंद करता येते. गुठळी झाल्यावर तेच काम फार अवघड होते.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. त्या हातात घट्ट बांगड्या, कडे, घड्याळ, गंडादोरा नको. उशाशी तो हात घेऊन झोपू नये. रक्तदाब त्या हातावर मोजू देऊ नये. सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे बोटाने, रक्त थांबेल पण थरथर जाणवत राहील इतकेच दाबावे. घट्ट पट्टी गुंडाळल्याने अनेक फिस्टुला बंद पडतात. तंत्रज्ञांनी सुईची जागा दर वेळी सरकवावी. सोपे म्हणून एकाच ठिकाणी टोचत राहिले की भिंत झिजून फुगवटा येतो. त्यावरची कातडी चकचकीत, पातळ झाली किंवा खपली धरत नसेल तर ती फुटू शकते. रक्त उडाले तर टॉवेल गुंडाळू नका. नेमक्या छिद्रावर बोट दाबून हात वर धरा आणि रुग्णवाहिका बोलवा.

किडनीची क्षमता, म्हणजे अहवालातला ईजीएफआर, 30 च्या खाली गेला की रुग्णाच्या केस पेपरवर शिक्का हवा: ‘डावा हात राखीव’. डावखुऱ्यांचा उजवा. रक्त तपासणीसाठी आणि सलाईनसाठी दुसरा हात, तोही पंजाच्या मागच्या बाजूला. 15 ते 20 वर आला आणि उतरतच असेल तर शल्यविशारदांकडे पाठवावे. गळपट्टीच्या हाडाखालून कॅथेटर घालणे टाळावे. ती शीर अरुंद झाली की त्या बाजूचा फिस्टुला हात सुजवतो. प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टर आणि गल्लीतल्या लॅबपर्यंत ही सूचना लेखी पोहोचवावी, अशी आरोग्य विभागाला आमची विनंती आहे.

आपले नम्र,
डायलिसिस विभागातील डॉक्टर व तंत्रज्ञ