नेक गार्ड पाठवतेय

पालघर,
रविवार, रात्री

चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

तुझ्या कपाटात मोज्यांच्या खाली नेक गार्ड सापडला, हेल्मेटला मागून लावायचा, मान झाकणारा. अजून पिशवीतच, किमतीचं लेबलही काढलेलं नाही. कुरिअरने पाठवतेय, शनिवारच्या मॅचआधी बसव. नाहीतर... जाऊ दे, ते सांगायला लिहायला बसले नव्हते.

जर्सीवरून बोलले ते चुकलंच. गाडीला निघालेल्या पोराला दारात असं बोलू नये. बाबा म्हणतात, नंबरच तो, त्याला काय! पण तू जर्सी उलटी केलीस, पाठीवर ६४ दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

नंबर बाजूला ठेवतात तो मान म्हणून, एवढंच मला माहीत होतं. मुंबई इंडियन्सने सचिनचा १० नंबर २०१३ मध्येच ठेवून दिला. आणि २०१७ मध्ये आपला शार्दूल ठाकूर कोलंबोत पहिली वनडे खेळायला उतरला तोच १० घालून! आपण इथे टाळ्या वाजवतोय आणि लोक त्याला नावं ठेवतायत. जन्मतारखेची बेरीज दहा येते म्हणून घेतला होता बिचाऱ्याने. पुढे ५४ घेतला. तू तेव्हा बारा वर्षांचा. ‘पालघरहून लोकलने किट ओढत जाणाऱ्याला दहा नंबर का नाही?’ म्हणत ताटावरून उठलास. मी वरवर ओरडले, पण आत खूप बरं वाटलं होतं.

ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजच्या ६४ चं तसं नाही रे. तो कुठे निवृत्त झाला होता? २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी, ६३ वर नाबाद. हेल्मेट होतं डोक्यावर. बाउन्सर हेल्मेटच्या खाली मानेवर बसला आणि दोन दिवसांनी ह्यूज गेला. आणखी तीन दिवसांनी सव्वीस पूर्ण झाली असती. त्यांच्या कॅप्टन क्लार्कने विनंती केली म्हणून तो ६४ ऑस्ट्रेलियाने पुन्हा कुणाला दिला नाही. तूही डावखुरा, तूही ओपनर, तुला त्याच्याबद्दल काय वाटतं ते कळतं मला. पण तिथे कुणी घालत नाही तो नंबर, मग तूच का?

बघ, परत तिथेच आले. माफ कर.

तू म्हणालास, तेव्हाचं नव्यातलं नवं हेल्मेट असतं तरी ती जागा उघडीच राहिली असती. अरे, मग त्यासाठीच तर हे गार्ड निघालं ना! ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून त्यांच्या खेळाडूंना सक्तीचं केलंय. तुझ्या जुन्या हेल्मेटला मी लावून पाहिलं. मागच्या कडेला दोन क्लिपा दाबायच्या, टक्‌ आवाज येतो. माझ्या सांधे धरलेल्या बोटांनाही दोन मिनिटं लागली.

लहानपणी अण्णा तुझ्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात द्यायचे. ते वळले की तू परत डाव्यात घ्यायचास. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. तेव्हा कुठे माहीत होतं या हाताला पुढे काय काय सुचणार आहे ते.

मावशीला फोन कर, ती रुसलीय.

डब्यात मेथीचे लाडू आहेत. गार्ड वरच ठेवलंय, ते काढल्याशिवाय लाडू हाताला लागायचे नाहीत. बसवलंस की फोटो टाक, पाठमोरा. जर्सी अंगात असली तरी चालेल.

तुझी,
आई