ध्यानाबद्दल, तू विचारलेस म्हणून

नागपूर

चि. प्रज्ञास,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक संदेश मी दोनदा वाचला. रात्री दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, कार्यालयात काही सादर करायचे असले की सकाळपासून छाती धडधडते, डोके दुखते, आणि अ‍ॅप लावून डोळे मिटले तर विचार थांबण्याऐवजी आणखीच उसळतात, म्हणून ध्यान आपल्या प्रकृतीला मानवत नाही, असा निकालही तू देऊन टाकला आहेस. सारी नोकरी रुग्णालयाच्या वॉर्डात काढलेल्या आईला विचारले आहेस, तेव्हा उत्तर थोडे लांबणार.

विचार थांबले पाहिजेत, असे आपल्या वस्तीतल्या विहारात आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचे ध्यान, शिकवताना कोणी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठावर जो इवलासा भाग आहे, तिथे येणारा-जाणारा श्वास जाणवतो का, एवढेच पाहायचे असते. मे महिन्यात पहाटे कूलरसमोर बसले की हे फार स्पष्ट कळते. वाळ्याच्या ताटीतून आलेली ओलसर, गार हवा आत जाते आणि बाहेर पडताना तीच कोमट होऊन ओठाला लागते. दोन-चार श्वास झाले की मन विजेच्या बिलाकडे पळते, तिथून तुझ्या लग्नाकडे. ते पळाल्याचे लक्षात आले, की न चिडता पुन्हा त्या जागेवर आणायचे. हे परत आणणे हाच सगळा अभ्यास आहे, त्यामुळे तुझे मन वीस वेळा पळाले असेल, तर तुझा अभ्यास वीस वेळा झाला असे धर.

आता शरीराचे सांगते. धोका जाणवला की अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही तणावाची संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, स्नायू ताठरतात. खरा धोका टळला की हे ओसरावे अशी शरीराची रचना आहे, पण वरिष्ठांच्या ई-मेलचा धोका रात्रीही टळत नाही, आणि मग झोप कुठून येणार? हार्वर्डचे हृदयविकारतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी शांत बसून ध्यान करणाऱ्यांमध्ये याच्या नेमकी उलट अवस्था मोजली होती. श्वसन मंदावते, शरीराचा प्राणवायूचा वापर घटतो. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1975 साली आले. आम्हीही जिना चढून आलेल्या रुग्णाचा रक्तदाब लगेच घेत नसू, पाच मिनिटे गप्प बसवून मग पट्टा बांधत असू, कारण नुसत्या बसण्यानेही आकडा उतरतो. मात्र तो तात्पुरता उतार झाला. रोजच्या ध्यानाने रक्तदाबाला थोडी मदत होऊ शकते, परंतु अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2017 साली ध्यानाला नेहमीच्या उपचारांचा जोडीदार एवढेच स्थान दिले आहे. तुझ्या बाबांनी ध्यानाच्या शिबिरातून आल्यावर रक्तदाबाची गोळी बंद करण्याची भाषा केली होती. मी गोळी बंद होऊ दिली नाही.

मनावरच्या परिणामांचा पुरावा त्यापेक्षा बरा आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तुझ्या अ‍ॅपमधले माइंडफुलनेस बरेचसे तिथूनच आले आहे, आणि त्याचे मूळ बुद्धांच्या सतिपट्ठानात, म्हणजे सजगतेच्या शिकवणीत आहे, हे अ‍ॅपवाले सांगोत न सांगोत. 2014 साली ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. 2022 च्या एका चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांना असा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या औषधाच्या तोडीचा ठरला. पण ती माणसे दर आठवड्याला वर्गाला जात होती आणि घरी रोज पाऊण तास बसत होती. झोपायच्या आधी तीन मिनिटे अ‍ॅप लावून तेवढ्याच फळाची अपेक्षा धरणे बरोबर नाही. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, या जाहिरातीवर तर मुळीच विसंबू नकोस; अलीकडच्या काटेकोर तपासणीत तसे आढळले नाही.

तुझी डोकेदुखी वाचून विपश्यना ध्यान शिकवणारे गोयंका गुरुजी आठवले. म्यानमारमध्ये व्यापार करत असताना त्यांना तीव्र अर्धशिशी होती, आणि ती घालवण्यासाठीच ते 1955 च्या सुमारास तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी थांबावी म्हणून शिकणार असाल तर शिकवणार नाही, असे त्यांना आधी ऐकावे लागले होते. आपल्याकडे कळमेश्वर मार्गावर माहुरझरीला त्याच परंपरेचे विपश्यना केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराला यायचा तुझा विचार मला आवडला, पण यंदा नको. पहाटे चारला उठून दिवसभर मौनात बसणे, हे महिनोन्‌महिने झोप न झालेल्या माणसाचे काम नव्हे. एकांतात काहींची अस्वस्थता वाढतेही.

सध्या सकाळी, फोन हातात घेण्याआधी, दहा मिनिटे बस. खुर्चीवर बसलीस तरी चालेल. रात्री झोप यावी म्हणून ध्यान करू नकोस, कारण मग तू झोपेचीच वाट पाहत बसतेस. संध्याकाळनंतरचा चहा सोड आणि जेवणानंतर थोडे चाल. बसल्यावर जीव घाबरला, तर डोळे उघडून उठून जा, त्यात कमीपणा नाही. धडधड पंधरवड्यात कमी झाली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. त्याआधी कधी रात्रीच कोणाशी बोलावेसे वाटले, तर 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि या शनिवारीच जाऊन थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासून घे. धडधडीची ही दोन कारणे मी वॉर्डात फार पाहिली आहेत, आणि त्यांना ध्यानाचा काही उपयोग नसतो. अहवालाचा फोटो मला पाठव, बाबांना नको. ते आधी इंटरनेटवर शोधतील.

तुझी,
आई