अमेरिकेचा इतिहास सरकीपासून शिकवा

संपादक महोदय,

होळीनंतर गावोगावची वाचनालये आणि ज्येष्ठ नागरिक मंडळे व्याख्याने ठेवतात. विषय अमेरिकेचा असला की वक्ता १४९२ च्या कोलंबसापासून निघतो आणि तासाभरात वॉशिंग्टनपर्यंत पोहोचतो. समोरच्या सत्तरीतल्या कास्तकाराच्या हाती काही लागत नाही, आणि मग 'या वयात काय डोक्यात शिरणार' असे म्हटले जाते. हे साफ चूक आहे. कर, मुद्रांक, कर्ज आणि कापूस ज्यांनी जन्मभर हाताळला, त्यांना हा इतिहास शाळकरी मुलांपेक्षा लवकर कळतो. सुरुवात मात्र त्यांच्या ओळखीच्या वस्तूपासून हवी.

विदर्भात ती वस्तू म्हणजे कापूस. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला २० ग्रॅम कापूस द्यावा आणि बोटांनी सरकी, म्हणजे कापसातले बी, वेगळी करायला सांगावी. वेळ दहा मिनिटे. कापूस दोन दिवस उन्हात वाळवलेला असावा, ओलसर असला तर रुई सरकी सोडत नाही आणि सगळा वेळ झटापटीत जातो. २० ग्रॅममध्ये शंभरावर सरक्या असतात. सगळ्या निघाल्या तरी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भरते ७ ग्रॅमच्या आसपास. हे हाताने अनुभवले की सांगावे : अमेरिकेत अशा कापसाची रुई एका गुलामाच्या हातून दिवसाकाठी जेमतेम एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, निघत असे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने हाताने फिरवायचे जिन, म्हणजे सरकी काढायचे यंत्र, बनवले आणि तीच ५० पौंडांपर्यंत गेली.

आता विचारावे, मेहनत वाचली, मग गुलाम कमी झाले की वाढले? उत्तर सांगण्याची घाई करू नये. ज्यांनी वेचणी केली आहे त्या बायकाच बहुधा आधी बोलतात : सरकी झटपट निघायला लागली तर पेरा वाढेल, वेचायला तर हातच लागतील. झालेही तेच. १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे ७ लाख होते, १८६० मध्ये ३९ लाखांच्या वर. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते याच ठिकाणी सांगावे. नंतर सांगितले तर ती नुसती माहिती उरते.

दुसऱ्या संध्याकाळी मुद्रांक. तहसीलसमोर स्टँप पेपर घेतलेल्या माणसाला इंग्लंडने अमेरिकेतल्या आपल्या मुलखांवर लादलेला १७६५ चा स्टँप अ‍ॅक्ट वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खरेदीखत, मृत्युपत्र, वर्तमानपत्र, इतकेच काय पत्त्यांचा जोड, सगळ्यावर लंडनचा शिक्का. तक्रार रकमेची कमी आणि 'आमचा एकही माणूस तुमच्या पार्लमेंटात बसत नाही, मग कर कसा लावता' ही जास्त. वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला.

चहाच्या बाबतीत मात्र हमखास गल्लत होते. सगळे धरून चालतात की चहा महागला म्हणून लोक चिडले. उलट, १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त झाला होता. पौंडामागे तीन पेनीचा जुना कर तेवढा कायम ठेवला आणि विक्री कंपनीने नेमलेल्या मोजक्या आडत्यांकडे गेली. स्थानिक व्यापारी उठले. १६ डिसेंबरला चिडलेल्या लोकांनी बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या, आपल्या हिशेबात चारशे क्विंटलच्या वर चहा. भाव पाडून बाजार हातात घेणे म्हणजे काय, हे बाजार समितीत माल विकलेल्या माणसाला फोड करून सांगावे लागत नाही.

शब्द जपून वापरावेत. 'कॉलनी' म्हटले की ले-आउटमधले प्लॉट डोळ्यांसमोर येतात, 'वसाहत' म्हटले की एमआयडीसी. त्यापेक्षा 'इंग्लंडच्या राजाच्या ताब्यातले १३ मुलूख' म्हणावे. 'इंडियन' तर टाळावाच. ऐकणाऱ्याला आपलीच माणसे वाटतात. तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या नावाने ओळखावे : पोव्हाटन, वाम्पानोआग, चेरोकी. जंगल आणि जमिनीचा प्रश्न मेळघाट-गडचिरोलीकडच्या श्रोत्यांना आपोआप जवळचा वाटतो.

सन पाठ करून घेऊ नयेत. २१ फूट सुतळी बांधावी, एक फूट म्हणजे दहा वर्षे, १६०० ते १८१०. वरच्या बाजूला तिकडच्या चिठ्ठ्या, खाली आपल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी. १६०७ जेम्सटाउन, म्हणजे इंग्रजांची तिथली पहिली टिकलेली वस्ती, १६३० शिवजन्म. १७७३ ला वर बोस्टन, खाली नारायणरावांचा खून. १७८१ ला यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ ला खाली गव्हर्नर जनरल म्हणून येतो, तेव्हा सगळे सावरून बसतात. अडचण एकच : १७६५ ते १७९३ हा भाग पावणेतीन फुटांत येतो आणि चिठ्ठ्यांची गर्दी होते. मग लोक त्या सारख्या अंतरावर सरकवतात आणि सगळे प्रमाण बिघडते. तेवढ्या काळासाठी वेगळी १४ फुटी सुतळी लावावी, एक फुटाला दोन वर्षे.

बसण्याचेही थोडे पाहावे. कूलरच्या आवाजात म्हाताऱ्या माणसाला शब्द तुटक ऐकू येतात, म्हणून सातनंतर अंगणात बसावे. ट्यूबलाइट शिकवणाऱ्याच्या पाठीमागे नको, त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ कळत नाहीत. चिठ्ठीवर चारच शब्द, बोटाएवढ्या जाड अक्षरात. चाळीस मिनिटांवर थांबावे. आणि कुणालाही उभे करून वाचायला सांगू नये. जो शाळेत गेलाच नाही तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

अक्षयतृतीयेनंतर वखरणीची घाई लागते, त्याआधी चार संध्याकाळी पुरतात. शेवटची १८०३ साठी ठेवावी. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. तीनच दिवसांनी, २० डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्सला फ्रान्सने आपल्या ताब्यातला लुइझियाना मुलूख अमेरिकेच्या हवाली केला, दीड कोटी डॉलरच्या सौद्यात. दोन्हीकडे त्या जमिनीवर राहणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. सुतळीवर या दोन चिठ्ठ्या एकाच चिमट्यात बसतात.

— ज्येष्ठांचे इतिहासवर्ग घेणारे शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)