खांबावरची भाषा

गॉलवे, आयर्लंड
2 जून 2024

प्रिय सुमे,

तुमच्या बेळगावात 7 मेला मतदान झालं, आमच्याकडे येत्या शुक्रवारी, 7 जूनला आहे. इथलं नागरिकत्व नसलं तरी इथे राहणाऱ्याला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. त्यामुळे यंदा मी प्रत्येक फलक थांबून वाचते.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना पन्हाळीदार प्लॅस्टिकचे फलक आवळून बांधलेत. मतदानाआधी तीस दिवस लावायची मुभा, नंतर सात दिवसांत उतरवायचे. भला मोठा हसरा चेहरा, नाव, पक्ष आणि एका कोपऱ्यात आयरिशमध्ये ‘व्होटॉल 1’, म्हणजे पहिल्या पसंतीचं मत द्या. बाकी घरभाडं, बस, दवाखाना, सगळं इंग्रजीत. मला हे फार लागतं गं. घटनेनं आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिलाय. 2022 च्या जनगणनेत पावणेएकोणीस लाख लोकांनी ही भाषा येते म्हणून सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. त्यातले कितीतरी इथून पश्चिमेला, स्पिडलच्या पुढच्या गावांत राहतात. देशाभिमान दाखवायला त्यांची भाषा हवी, पण पाण्याचं आश्वासन त्यांना परक्या भाषेत वाचायचं?

बायकांच्या नावांचं तर वेगळंच. आयरिशमध्ये आडनावावरूनच कळतं, बाई कुणाची लेक की कुणाची बायको. संगीतकार शॉन ओ रिआदा यांची मुलगी लीआ नी रिआदा. ‘नी’ लेकीचं, ‘ई’ सुनेचं. या लीआबाई युरोपीय संसदेत होत्या, तिथे आयरिशला पूर्ण दर्जा मिळावा म्हणून भांडल्या आणि 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षपदालाही उभ्या राहिल्या, त्या ‘नी’ लावूनच. मला त्याचं कौतुक वाटतं. आपल्याकडे राखीव वॉर्डातल्या बाईच्या फलकावर तिच्याहून मोठा फोटो नवऱ्याचा असतो, ते तू पाहतेसच. मात्र जागा तरी आपल्याकडे निम्म्या आहेत. इथे लोकसभेसारख्या निवडणुकीला पक्षांनी निदान 40 टक्के बायका उभ्या केल्या नाहीत तर सरकारी निधी अर्ध्यावर येतो, पण स्थानिक निवडणुकीला हे बंधनच नाही. आमच्या रस्त्यावरचे चेहरे मोजून बघ म्हणजे कळेल.

आमच्या भागात आफ्रिकेतून आलेल्या एक बाई उभ्या आहेत. त्यांच्या फलकावर आयरिशमध्ये एक ओळ आहे. बसथांब्यावर एकजण म्हणाला, “हिला कशाला हवी आमची भाषा?” माझी लेक शेजारीच उभी होती. तिनं ती ओळ अडखळत का होईना, मोठ्यानं वाचली. शाळेत रोज शिकते ती आयरिश. तो गृहस्थ गप्प झाला. वराडच्या डॉक्टर वराडकरांचा मुलगा लिओ इथला पंतप्रधान झाला, तरी रंग बघून भाषेवरचा हक्क ठरवणारे अजून आहेत. शिकेल त्याची भाषा, असंच मी मानते. माझं मत त्या बाईंनाच.

तुमच्याकडे दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालंय, त्याबद्दल तू लिहिलंस. प्रचाराच्या फलकांचे फोटो असतील तर पाठव. मराठीत नुसतं उमेदवाराचं नाव होतं, की गटारं नि पाणीपट्टीही होती?

तुझी,
वृंदा